पॉलिश जाईल

मी दमले आहे, हे आधी सांगून टाकते. तुम्ही होतात तेव्हा मी असं म्हटलं की तुम्ही लगबगीनं चहा करायला उठायचात, आणि साखरेचा डबा कुठं, चहापत्ती कुठं असं विचारून शेवटी मलाच उठवायचात. आता विचारणारं कोणी नाही, तरी उठावं लागतंच. तुमच्या नावानं पुण्यानुमोदन पार पडलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, विहारातून आणलेल्या सतरंज्या परत पोचल्या. आपली वंदना पुन्हा कॉलेजात जायला लागली, मी शाळेत. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, आणखी थोडे दिवस घरी राहिलात तरी चालेल." घरी राहून करू काय? दोन वर्षं तुमच्या खोकल्यानं मला झोपू दिलं नाही, आणि आता खोकला ऐकू येत नाही म्हणून झोप येत नाही. माणसानं दमावं तरी कशाकशानं?

रडून बरंचसं झालंय माझं. राहिलंय ते भांडण. ते तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात, आणि नेमकं तेच निस्तरायची वेळ माझ्यावर आली.

तुमचे लतीफ मास्तर आले होते. ब्यांड त्यांचा, क्लॅरिनेट त्यांचं, पण "किसनभाई, पुढं चला" म्हटल्याशिवाय कोणत्याही वरातीत त्यांचं पाऊल उचललं नाही. ओट्यावर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "भाभी, सीझन तोंडावर आलाय. किसनभाईचं ट्रम्पेट आपल्याच पार्टीत वाजलं पाह्यजे. दगडू वाजवील. तुमचंच राहील ते, फक्त पेटीत पडून नको."

मी म्हटलं, विचार करते.

"आन् आनखी एक ठरवून राह्यलोय," ते म्हणाले. "या सालापासून समद्या पार्टीला पांढरे हातमोजे. किसनभाईच्या नावानं. गावोगाव लोक इचारतेत, ते हातमोजेवाले आले का म्हनून. पैली सुपारी परतूरच्या पल्याडच्या लग्नाची हाय. ते पाटील, म्हातारे, शौकीन मानूस, त्यांनी तर मुद्दाम निरोप धाडला. समदे हातमोजे घालून या म्हनले."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. तुमच्यावर त्या माणसाचा जीव होता, त्यात खोट काढायला जागा नाही. मी रविवारपर्यंत थांबा म्हटलं. त्यांना वाटलं, बाईचं दुःख ताजं आहे, ट्रम्पेट हातावेगळं करायला जीव होत नसेल. त्या घरी तो म्हातारा एकदा काय बोलला होता, हे त्यांच्या कानावर आलं नव्हतं. आपल्या बाजूनं ते आपल्या दोघांनाच माहीत आहे.

आता तुमच्या नावानं अख्खी पार्टी हातमोजे घालून त्या माणसाच्या दारात उभी राहणार की नाही, हे मी ठरवायचं होतं. आणि तुम्ही त्यावर मला आयुष्यात एकच वाक्य बोललात.

ते ट्रम्पेट तुम्ही सिकंदराबादहून आणलंत ते आपलं लग्न ठरायच्या आधी. पलटणीच्या ब्यांडातून रिटायर झालेल्या एका म्हाताऱ्याकडून घेतलंत. पितळी, पण वरून चांदीचं पाणी दिलेलं. जालन्यात तेव्हा जितके ब्यांड होते त्यांत सगळ्यांचे बाजे पिवळे, त्यांना पोचे आलेले, आणि तुमचा एकटा पांढरा लखलखीत. म्हाताऱ्यानं ते देताना सांगितलं होतं, "बेटा, हाथ का पसीना इसका दुश्मन है." तुम्ही ते वाक्य देव्हाऱ्यात ठेवावं तसं ठेवलंत, घरात देव्हारा नसताना. तेव्हापासून डाव्या हातात पांढरा सुती हातमोजा. डाव्याच, कारण ट्रम्पेट धरतो डावा हात, उजव्याची नुसती बोटं चाव्यांवर नाचतात. पण दुकानदार मोजे जोडीनं विकतो. डावे विरायचे, उजवे कोरे राहायचे. लग्न होऊन मी घरात आले आणि ट्रंक उघडली तर तळाशी सगळे उजवे हातमोजे. मला वाटलं, हा माणूस नक्की करतो काय?

मी म्हटलं, उजवा उलटा करून डाव्या हातात घाला की. तुम्ही म्हणालात, "वरच्या तीन शिवनी तळहातावर येत्यात." मी म्हटलं, तुमचा तळहात बघतोय कोण? "मी बघतो ना." असा तुमचा खाक्या. शेवटी त्या उजव्या मोज्यांनी मी कंदिलाच्या काचा पुसल्या, शाळेत फळा पुसला. पोरी हसायच्या, बाई हातमोजा घालून फळा पुसतात म्हणून. तुम्हाला ते सांगितलं तर तुम्हीही हसलात, आणि मला म्हणालात, "बाई, तुझ्याबी पॉलिशची काळजी घे."

मामंजींना तुमचा ब्यांड कधी मानवला नाही. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा त्यांनी गावात दवंडी पिटायची हलगी खुंटीवरून काढली आणि पुन्हा हातात धरली नाही. "दुसऱ्याच्या दारात वाजवायचं आपन सोडलं, आन् पोरगं पुन्हा दुसऱ्याच्याच दारात वाजवून राह्यलंय," असं ते माझ्यासमोर म्हणायचे, तुम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, खांद्यावर झुलत्या सोनेरी दोऱ्या आणि डाव्या हातात तो मोजा, असे तयार होऊन त्यांच्यासमोर उभे राहायचात आणि "येतो आबा" म्हणायचात. म्हातारा मान फिरवायचा. पण तुम्ही गल्लीच्या वळणावर गेलात की उठून दारात यायचा. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं राहून गेलं, कारण तुमचा भाव फार वाढला असता.

मी तुम्हाला पहिल्यांदा वाजवताना पाहिलं ते नव्या जालन्यात, स्टेशनाकडच्या रस्त्यावर. एका व्यापाऱ्याच्या घरची वरात होती, दुपार होती, आणि मी शाळेतून परतत होते. माझ्याबरोबर दोन-तीन पोरी. मी तोंड लपवायला बघत होते, खरं सांगते. बाईंचा नवरा ब्यांडात, हे पोरींना कळलं नव्हतं अजून. तेवढ्यात तुम्ही ट्रम्पेट वर उचललंत. ऊन त्यावर असं पडलं की समोरच्या दुकानाच्या पाटीवर त्याचा कवडसा हलायला लागला. एक पोरगी म्हणाली, "बाई, ते चांदीचं हाय का?" मी म्हटलं, "चांदीचं पाणी आहे त्याला. आणि ते आमचे हे आहेत." त्या दिवशी घरी आल्यावर मोजा तुमच्या हातातून मी काढून घेतला आणि धुतला. तेव्हापासून तो धुणं माझ्याकडे आलं. तुम्ही सांगितलं नव्हतं, मी माझ्या हौसेनं घेतलं.

ती हौस फार महागात पडली, कारण तो मोजा काही केल्या पांढरा निघायचा नाही. सुरुवातीला तळव्यावर काळपट डाग यायचे, पुढं हिरवट यायला लागले. साबण, नीळ, उन्हात घालणं, लिंबू चोळणं. वंदना तेव्हा रांगत होती. मी एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं तुमचे हिरवे डाग घासत बसायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाजालाच चिंच लावून घास की, समदं लख्ख होईल," तर तुम्ही ट्रम्पेट उचलून सरळ आतल्या खोलीत गेलात. काकू दोन महिने बोलल्या नाहीत.

आणि मग ते लग्न. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या भावाचं, परतूरच्या पुढच्या खेड्यात. वंदना नुकतीच शाळेत जायला लागली होती. आम्ही बाया पॅसेंजरनं परतूरला उतरलो आणि तिथून बैलगाडीनं गेलो. ब्यांड तुमचाच ठरला होता, तुम्ही ट्रकनं आधीच पोचला होतात. मी मांडवात, पाहुण्यांच्या सतरंजीवर, हातात सरबताचा पेला. तुम्ही मांडवाबाहेर, कडक उन्हात. मला त्याचं काही वाटलं नाही तेव्हा. वाजवणारे बाहेरच असतात.

दोन गाण्यांच्या मध्ये मास्तर आणि बाकीची पार्टी मागं ट्रकपाशी पाणी पीत होती, आणि तुम्ही एकटे पुढं, ट्रम्पेट खाली घेऊन रुमालानं ओठ पुसत होतात. नवऱ्यामुलाचे थोरले चुलते, म्हणजे तेच पाटील, पांढरा फेटा, हातात काठी, आमच्या सतरंजीजवळ खुर्चीत बसलेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यो पुढचा ब्यांडवाला हुशार दिसतो. हातमोजा घालून आलाय. आपली पायरी वळखून हाय. आसं आसलं की इटाळाची भानगडच न्हाई."

कोणीतरी म्हणालं, "काका, पन एकाच हातात हाय."

"मंग फुडच्या बारीला दोनी हातांत घालून आना म्हनावं. समद्यांनाच घाला."

लोक हसले. फार मोठ्यानं नाही, लग्नघरात हसतात तसे. आमच्या त्या बाईंनी मान खाली घातली, कारण तुम्ही माझे कोण ते त्यांना माहीत होतं. त्या चुलत्यांना माहीत नव्हतं की ज्या बाईच्या पेल्यात त्यांनी स्वतः आग्रह करून सरबत ओतायला लावलं, ती त्याच ब्यांडवाल्याची बायको आहे. मी बाई म्हणून मांडवात, तुम्ही ब्यांडवाले म्हणून बाहेर, आणि दोघांच्या मध्ये त्या म्हाताऱ्याची खुर्ची. तुम्ही ऐकलंत. मी पाहिलं ना, तुमचा रुमालाचा हात थांबला. मग तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत, ट्रम्पेट उचललंत आणि पुढचं गाणं सुरू केलंत. मोजा हातातच होता.

मी वाट बघत होते की तुम्ही तो काढाल. त्या गाण्यात नाही, तर पुढच्या गाण्यात. वरात पार मारुतीच्या पारापर्यंत गेली आणि परत आली. नाही काढलात.

दुसऱ्या दिवशी मी मोरीत मोजा भिजवला होता. तुम्ही दाढी करत होतात. मी म्हटलं, "हा आता घालायचा नाही."

"का?"

"काल ऐकलं नाही तुम्ही?"

"ऐकलं की."

"मग?"

"पॉलिश जाईल."

मला वाटलं, मस्करी करताय. तुमच्या तोंडाकडे बघितलं तर तुम्ही आरशात बघून गाल ताणून शांतपणे वस्तरा फिरवत होतात. मी तो मोजा बादलीत आपटला. म्हटलं, एवढं ऐकून घेऊन तुम्हाला पॉलिशची पडली आहे? माणसाला काही मान आहे की नाही? मामंजींनी एका दिवसात हलगी सोडली, आणि तुमच्यानं एक मोजा सुटत नाही? ते शेवटचं मी बोलायला नको होतं असं वाटत असेल तुम्हाला. मला अजूनही वाटत नाही. तुम्ही वस्तरा पुसलात, पेटीत ठेवलात, आणि बाहेर जाता जाता म्हणालात, "मोजा वाळला का बघ. उद्या बदनापूरला जायचंय."

त्यानंतर किती वर्षं आपण त्याच एका गोष्टीवर भांडलो. दुष्काळाच्या सालात लग्नं झाली नाहीत, ट्रम्पेट पेटीतच राहिलं, तुम्ही खडी फोडायला जात होतात, तेवढंच एक साल भांडण बंद होतं. पुन्हा लग्नसराई आली की पुन्हा मी, आणि पुन्हा तुमचं ते एक वाक्य. मी मोजा लपवून बघितला. तुम्ही रुमाल गुंडाळून वाजवलंत. मी एकदा अक्कल लढवली, रेक्झिनची पट्टी कापून, तिला बंद शिवून ट्रम्पेटच्या त्या जागेला बसेल अशी केली. म्हटलं, पॉलिशच वाचवायचं ना? मग ट्रम्पेटला कपडे घाला, तुमच्या हाताला कशाला? तुम्ही एका लग्नात ती लावलीत आणि काढून ठेवलीत. "आवाज दबून राह्यलाय," म्हणालात. आवाज पट्टीनं दबतो का हो? मी शाळेत शिकवते म्हणून मला एवढंही कळत नाही, असं वाटलं का तुम्हाला? पण तुमच्यापुढं बोलायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

राग यायचा, खूप यायचा. आणि तरी मोजा मी धुवायचीच. आज विचार करते तर हसू येतं. ज्या मोज्यावरून नवऱ्याशी आठवडाभर अबोला धरायचा, तोच मोजा साबण लावून, नीळ देऊन, बोटं एकेक सरळ करून दोरीवर घालायचा. तुम्हीही कमी नव्हतात. अबोला असला की मोजा स्वतः दोरीवरून काढायचात, नाकाशी न्यायचात आणि वंदनाला म्हणायचात, "तुझ्या आईनं काय झकास धुतलाय." मला नाही, वंदनाला.

शेवटच्या सीझनला तुमची छाती साथ देईना. मला वाटायचं, तुम्ही घरी थांबाल. तुम्ही तयार होऊन जातच राहिलात. मास्तरांनी आता सांगितलं की तुम्ही फुंकत नव्हतात. ट्रम्पेट ओठाला लावून पुढं चालायचात, बोटं हलवायचात, आणि मागून दगडू तुमचं आणि त्याचं असं दोन्ही वाजवायचा. पार्टीतल्या एकानंही बाहेर ब्र काढला नाही. तुम्ही मलाही सांगितलं नाहीत. घरी येऊन मोजा माझ्या हातात द्यायचात, तो घामानं चिंब असायचा. नुसतं चालूनही एवढा घाम येतो माणसाला, हे मी तेव्हा ओळखायला हवं होतं की काय? मला वाटलं, उन्हाळा आहे.

दवाखान्यात तुमचा डावा हात माझ्या हातात असायचा. सगळा जन्म मोज्यात गेलेला हात, उजव्यापेक्षा गोरा आणि मऊ. उजव्या हाताला खडीच्या सालातले घट्टे तसेच होते. मी म्हटलं, एका माणसाचे दोन हात असे कसे? तुम्ही डोळे मिटून हसलात. बोलायला दम नव्हता. मला तेव्हा विचारायचं होतं, शेवटचं विचारते, खरं सांगा, त्या दिवशी का काढला नाहीत? ओठापर्यंत आलं होतं. पण नळी लावलेल्या माणसाशी भांडतं का कोणी? मी पाणी पाजलं.

आता शनिवारचं सांगते. शाळा अर्धी होती. वंदना आली नव्हती. मी ट्रंकेवरची ट्रम्पेटची पेटी खाली घेतली. तुमच्या हयातीत मी तिला हात लावला नाही, तुम्ही लावू दिला नसता. उघडली. आतल्या निळ्या मखमलीचा वास आला, तुमच्या कपड्यांना येतो तोच. ट्रम्पेट उचललं आणि दारातल्या उजेडात नेलं.

तोंड अजून पांढरं लखलखीत. मागची वळणं पांढरी. आणि मधे, जिथं डावा हात धरतो तिथं, चांदी नव्हती. नुसतं पिवळं पितळ. एवढीशी जागा नाही, चांगला तळहाताएवढा पट्टा, बोटांच्या खुणांसकट. आणि ते काही या वर्षाचं नव्हतं. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. उजव्या हाताची करंगळी जिथं अडकते त्या आकड्याकडे बघितलं. तो हात तर जन्मभर उघडा होता, तिथं चांदी थोडी मंद झालेली, पण होती. म्हणजे घाम मोज्यात मुरायचा आणि तो ओला मोजा दिवसदिवसभर तिथं आवळून धरलेला असायचा. ज्याच्यासाठी मोजा घातलात ते त्या मोज्यानंच खाल्लं.

मग मला ते डाग आठवले. काळे होते ते हिरवे कधी झाले? चांदीचा डाग काळा पडतो, हिरवा पडतो तो पितळेचा. वंदना रांगत होती तेव्हा मी हिरवे डाग घासत होते. परतूरकडचं लग्न त्याच्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे तो म्हातारा बोलला त्या दिवशी तुमच्या मोज्याखाली जपण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तुम्हाला ते माहीत होतं, तुम्ही रोज पुसत होतात. आणि दुसऱ्या दिवशी दाढी करता करता तुम्ही मला म्हणालात, पॉलिश जाईल.

मी दारातच बसले. एवढा संताप आला की सांगता सोय नाही. कोणतं पॉलिश जाणार होतं हो? इतकी वर्षं माझ्याशी खोटं बोललात, तेही तोंडावरची रेघ न हलवता. तुम्ही समोर असतात तर त्या दिवशी मी तुम्हाला जेवायला वाढलं नसतं. मग वाटलं, आता तुम्हाला विचारायचं तरी कसं, आणि रडू आलं. संताप आणि रडू एकदमच आलं, त्यामुळं धड काहीच झालं नाही. वंदना आली तेव्हा मी ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसले होते. तिनं माझ्या हातातून ते अलगद काढून पेटीत ठेवलं आणि भात टाकला.

रविवारी मास्तर आले. हातात कागदात गुंडाळलेलं पुडकं. औरंगाबादहून कोऱ्या हातमोज्यांच्या जोड्या घेऊन आले होते, माझी परवानगी मिळणारच असं धरून. मी मात्र तयारी केली होती. शाळातपासणीला करतात तशी, मनात सगळं क्रमानं लावलं होतं. तो म्हातारा काय म्हणाला, कसं म्हणाला, लोक कसे हसले, इटाळ, पायरी, सगळे शब्द जसेच्या तसे. म्हणायचं होतं, मास्तर, तुम्हाला शौकीन वाटतो तो माणूस असा आहे, आणि त्याच्या दारात यांच्या नावानं हातमोजे घालून जाऊ नका. वंदना आत पोळ्या लाटत होती. मास्तरांनी पुडक्याची दोरी सोडली आणि पांढरीशुभ्र जोडी माझ्यापुढं धरली. मी तोंड उघडलं आणि म्हटलं,

"मास्तर, हातमोज्यानं पॉलिश जातं."

मी पेटी उघडून ट्रम्पेट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्या पितळी जागेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"हे मोज्यानं झालं?"

"घामानं ओला होतो आणि दिवसभर चिकटून राहतो. इकडं बघा, उघडा हात लागायचा तिथं चांदी आहे अजून."

"अरे अरे," मास्तर म्हणाले. "आन् किसनभाईनं जिंदगीभर जपलं म्हनायचं." जोडी त्यांनी परत कागदात ठेवली. "मंग न्हाई घालत, भाभी. चांगल्या बाजांचं वाटोळं करून घ्यायचं का? त्या पाटलांना बराबर सांगतो, न्हाई जमायचं, पॉलिश जातंय म्हनून. ह्याला काय सिकंदराबादला धाडून पुन्हा पानी देऊ का?"

"नको. तसंच राहू द्या," मी म्हटलं. "दगडूला तसंच द्या."

ते पेटी उचलून गेले. ते त्या घरी जातील. म्हातारा विचारेल, हातमोजे का नाही? आणि लतीफ मास्तर टोपी सावरून, अगदी निर्मळ मनानं, तुमचं वाक्य त्याच्या तोंडावर सांगतील. त्यावर त्याला बोलता येण्यासारखं काही नाही. हसताही येणार नाही.

आणि मी? जे सगळं लावून ठेवलं होतं त्यातला एक शब्द बाहेर काढला नाही. काढला असता तर तो माझ्याच तोंडातून निघाला असता. इटाळ, पायरी, आपल्या ओट्यावर, माझ्या आवाजात, पोरगी ऐकत असताना. मास्तरांनी माझ्याकडे दयेनं बघितलं असतं आणि पुढं जन्मभर तसंच बघितलं असतं. ते मला नको होतं. त्या माणसाला आपल्या घरात उंबऱ्याच्या आत घ्यायचं नव्हतं. तुम्हालाही घ्यायचं नव्हतं बहुतेक. मीच दर लग्नसराईला त्याला हाताला धरून आणत होते, आणि तुम्ही दर खेपेला तेवढं एक वाक्य बोलून दार लावून घेत होतात. असं असेल का? की तुम्हाला नुसती सवय होती, आणि मी उगीच एवढं मोठं करतेय? तुम्ही सांगणार नाही. तुमचं बरोबर होतं असं मीही म्हणणार नाही, एवढ्यात तरी नाही. मोजा काढला असता तर मला बरं वाटलं असतं. ते अजूनही तसंच आहे.

मास्तर गेल्यावर वंदना पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू दोन दिवस झोपली नाहीस. एवढंच कारण होतं? पॉलिशचं?"

"एवढंच," मी म्हटलं. ते म्हणायला छातीत किती दम लागतो, हे मला तेव्हा कळलं.